दूरचा सहकारी आणि निर्णयाचा हक्क

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. भारतातल्या घड्याळांना कुणी हात लावत नाही, पण सोमवारपासून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या असंख्य घरांत रात्रीच्या जेवणाची, मुलांच्या अभ्यासाची, वडीलधाऱ्यांच्या औषधांची वेळ पुन्हा ठरवावी लागते. न्यूयॉर्कच्या टीमची सकाळी साडेनऊची स्टँडअप मीटिंग उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी सातला असते. आता ती आठला सुरू होते. टीम सॅन फ्रान्सिस्कोची असेल, तर तिथल्या सकाळच्या नऊच्या कॉलला इथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा पुढे जाईपर्यंत हे असंच चालतं. बदल तिकडचा आणि तडजोड इकडची, हे कुणी कधी ठरवलं ते सांगता येत नाही. ते गृहीत धरलेलं असतं.

दूर राहून करायच्या कामाबद्दल आपल्याकडे २०२०पासून भरपूर बोललं गेलं. मात्र ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरलं: घरून काम करायचं की ऑफिसात जाऊन? टीसीएसने २०२० साली जाहीर केलं की, २०२५पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरेल. २०२३ मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. दरम्यान, नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने बीपीओ आणि आयटी सेवांवरच्या जुन्या अटी सैल केल्या आणि घरून काम करण्याच्या वाटेतला परवानग्यांचा अडथळा बराच कमी झाला. प्रवास, भाडं, वाहतूककोंडी, शिस्त या सगळ्यांची चर्चा झाली. ती गरजेचीच होती. पण तिच्यातून एक साधी गोष्ट निसटली. पुण्यातला अभियंता वाहतुकीतून वाट काढत हिंजवडीला पोचतो, तेव्हाही त्याचा आर्किटेक्ट टेक्ससमध्ये, प्रॉडक्ट मॅनेजर लंडनमध्ये आणि टेस्टिंगची टीम पोलंडमध्ये असते. ऑफिसच्या खुर्चीत बसूनही हेडफोन लावून तो त्यांच्याशीच बोलतो. त्याच्या कामातलं खरं अंतर घर ते ऑफिस हे नसून पुणे ते टेक्सस हे आहे.

या अंतराने काम बिघडतं का? अनुभव आणि संशोधन दोन्ही सांगतात, की बिघडतंच असं नाही. अंतराच्या एका टोकाला निर्णय आणि दुसऱ्या टोकाला फक्त अंमलबजावणी अशी वाटणी केली, की मात्र ते हमखास बिघडतं.

ही वाटणी कुठून आली, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टीसीएसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात परदेशी कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा देशात संगणक आयात करणं हेच एक दिव्य होतं. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसकडे पहिली काही वर्षं स्वतःचा संगणक नव्हता; तिचे अभियंते अमेरिकेत ग्राहकाच्या जागेवर जाऊन काम करत. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरला केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या जोडणीने ते अमेरिकेतल्या कामाशी बांधलं. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था उभी राहिली आणि अशी जोडणी लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आली. मग वायटूकेचं, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांच्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या दुरुस्तीचं, काम आलं आणि ऑफशोअर हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरांत रुळला.

त्या काळातली कामाची वाटणी परिस्थितीने घडवली होती. परदेशी फोन महाग होते आणि डेटाच्या लाइन अरुंद. ग्राहकाशी बोलायला, त्याची गरज ओळखायला, डिझाइन ठरवायला मोजके लोक ऑनसाइट जात. जे ठरलं ते लेखी स्पेसिफिकेशनच्या रूपात इकडे येई आणि इथे त्याचा कोड लिहिला जाई. जिथे बोलणं शक्य होतं तिथे निर्णय होत होते. त्यात काही गैर नव्हतं. आज व्हिडिओ कॉल जवळजवळ फुकट आहे, कोड दोन्हीकडे एकाच वेळी दिसतो, तरी असंख्य टीममध्ये वाटणी तीच टिकून आहे. तासांवर आणि माणसांच्या संख्येवर होणारं बिलिंग ती टिकवतं, आणि मुख्यालयाची सवयही.

या वाटणीची किंमत कशी मोजावी लागते, ते एका साध्या प्रसंगातून कळेल. न्यूयॉर्कहून पुण्याच्या टीमकडे तिकीट येतं: रद्द झालेल्या ऑर्डरवर सवलत दाखवू नये. सकाळी अकराला काम हातात घेतल्यावर अभियंत्याला शंका येते, की ऑर्डरमधल्या चार वस्तूंपैकी एकच रद्द झाली असेल तर काय? उत्तर देऊ शकणारी व्यक्ती त्या वेळी झोपलेली आहे. प्रश्न लिहून ठेवला जातो. रात्री त्यावर उलटा प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी खुलासा, त्या रात्री होकार. दहा मिनिटांच्या बोलण्याला दोन दिवस लागतात. रिलीजची तारीख जवळ असेल तर अभियंता अंदाजाने काहीतरी करतो, अंदाज चुकतो आणि काम परत येतं. मग तिकडे म्हटलं जातं की ऑफशोअर टीमला विचार करता येत नाही, आणि इकडे म्हटलं जातं की तिकडचे लोक पूर्ण सांगत नाहीत. दोघांचीही तक्रार खरी असते, पण दोष दोघांचा नसून वाटणीचा असतो. सवलतीबद्दलचा तो छोटा निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी व्यवसायाची माहिती पुण्यात असती, तर प्रश्न त्याच सकाळी सुटला असता.

जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मॉकस या संशोधकांनी ल्यूसेंट कंपनीतल्या सॉफ्टवेअर विकासाचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच ठिकाणी होणाऱ्या कामाच्या तुलनेत अनेक ठिकाणी विखुरलेल्या तशाच कामाला सुमारे अडीच पट वेळ लागत होता. याचं कारण त्यांना माणसांच्या संख्येत सापडलं: विखुरलेल्या कामात जास्त लोक गुंतत होते, आणि जितके लोक जास्त तितकी वाट पाहणं जास्त. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हेच गणित मांडलं होतं. दहा माणसांत दोघादोघांच्या ४५ जोड्या होतात. त्यातल्या निम्म्या जोड्यांमध्ये दहा तासांचा फरक टाकला, तर विलंब कुठून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता याच्या समोर दुसरा अभ्यास ठेवावा. ख्रिश्चन बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टाच्या विकासावर शोधनिबंध सादर केला. व्हिस्टाचे काही भाग एकाच इमारतीत तयार झाले होते, काही वेगवेगळ्या खंडांत. बाजारात गेल्यानंतर आढळलेल्या दोषांच्या बाबतीत दोहोंत नगण्य फरक निघाला. मायक्रोसॉफ्टमध्येच काम करणाऱ्या संशोधकांचाही यात सहभाग होता, त्यामुळे निष्कर्ष एका कंपनीपुरता आहे हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यांनी दिलेली कारणं वाचण्यासारखी आहेत. सगळी ठिकाणं एकच साधनं वापरत होती आणि एकाच वेळापत्रकाला बांधलेली होती. हैदराबादचं केंद्र उभं करताना रेडमंडच्या मुख्यालयात अनेक वर्षं काम केलेली माणसं तिथे गेली होती, त्यामुळे ओळख आधीपासून होती. केंद्रांमधलं नातं कंत्राटदार आणि मालकाचं नव्हतं. आणि एखाद्या भागाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट होतं. अंतर दोन्ही अभ्यासांत होतं. मालकी कशी वाटली आणि किती लोकांना एकमेकांची वाट पाहावी लागली, यातून निकालाची दिशा बदलते.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की, संघटना ज्या यंत्रणा घडवतात त्यांची रचना त्या संघटनेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. आयटीतल्या लोकांना हा कॉनवेचा नियम म्हणून माहीत आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पुण्याला अर्धं काम आणि अटलांटाला उरलेलं अर्धं अशी फोड करायची असेल, तर आधी सॉफ्टवेअरची फोड तशी करायला हवी. पेमेंटचा पूर्ण भाग पुण्याकडे आणि गोदाम व्यवस्थापनाचा पूर्ण भाग अटलांटाकडे दिला, तर रोज बोलण्याची गरज कमी होते. पेमेंटचं डिझाइन तिकडे, कोडिंग इकडे आणि मंजुरी पुन्हा तिकडे असं केलं, तर प्रत्येक दिवस एकमेकांची वाट पाहण्यात जातो.

घड्याळातला फरक काढून टाकला तरी हा प्रश्न उरतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. यान बांधणारी लॉकहीड मार्टिनची टीम कोलोरॅडोत होती आणि मार्ग आखणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी कॅलिफोर्नियात. भाषा एक, देश एक, घड्याळात फरक एका तासाचा. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. फरक जवळजवळ साडेचार पटीचा. चौकशीत एककांच्या चुकीइतकंच बोट ठेवलं गेलं ते दोन टीममधल्या अपुऱ्या संवादावर. यानाच्या मार्गात काहीतरी खटकतंय हे काहींच्या लक्षात आलं होतं. त्यांची शंका ठरलेल्या अधिकृत वाटेने पुढे जाऊन तडीस लागली नाही. ज्याला चूक दिसते त्याच्या हातात काम थांबवण्याचा अधिकार नसला, की कोट्यवधी डॉलर आणि उत्तम अभियंतेही उपयोगी पडत नाहीत.

अंतरावरून उत्तम काम होतं याचा सर्वांत मोठा पुरावा जगातल्या बहुतेक सर्व्हरवर चालतो आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत सुरू केलेली लिनक्स ही संगणकप्रणाली हजारो लोकांनी मिळून घडवली. त्यांतले बहुतेक एकाच छताखाली कधी बसले नाहीत. त्यासाठी २००५ मध्ये तयार झालेलं गिट हे साधन आज हिंजवडीतला प्रत्येक नवशिका पहिल्या आठवड्यात शिकतो. त्या समूहाची कार्यपद्धती मात्र फार थोड्या कंपन्यांनी उचलली. तिथे बदल सुचवणारा आपलं कारण लिहून देतो, त्यावरचे आक्षेप सगळ्यांना दिसतील असे लेखी येतात, आणि कोणत्या भागाचा शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं असतं. दोन वर्षांनी कुणी विचारलं की हे असं का केलं, तर उत्तर शोधून सापडतं. खुलं सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अपाचे फाउंडेशनमध्येही सर्वांसमोर लेखी न झालेला निर्णय निर्णय मानला जात नाही.

गिटलॅब या कंपनीने हीच शिस्त व्यवसायात आणली. तिला मुख्य कार्यालय नाही. कामाच्या पद्धती हजारो पानांच्या खुल्या हँडबुकमध्ये लिहिलेल्या आहेत. या शिस्तीची परीक्षा ३१ जानेवारी २०१७ रोजी झाली. एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसमधला डेटा उडाला, आणि बॅकअपच्या पाचही व्यवस्था भरवशाने चालत नसल्याचं त्याच वेळी उघड झालं. सुदैवाने सुमारे सहा तास जुनी एक प्रत हाताशी होती. कंपनीने दुरुस्तीची नोंद सर्वांना वाचता येईल अशी चालू वेळेत खुली ठेवली आणि पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चूक करणाऱ्याचं नाव न घेता व्यवस्थेतल्या त्रुटी एकेक करून मांडल्या. दूरच्या सहकाऱ्यांमध्ये विश्वास तयार होतो तो अशा वागण्यातून. चूक कबूल केल्याने नोकरी जाणार नाही याची खात्री असलेला माणूस शंका वेळेवर लिहितो.

महाराष्ट्रातल्या तरुण अभियंत्यांसाठी या लेखी पद्धतीचं मोल आणखी वेगळं आहे. लातूर, सांगली, जळगाव, चंद्रपूर इथून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलं तांत्रिकदृष्ट्या कुठेही कमी नसतात. पण वीस जणांच्या कॉलवर, भराभर बोलल्या जाणाऱ्या अमेरिकी इंग्रजीत, मध्येच आवाज चढवून आपला मुद्दा मांडणं त्यांना जड जातं. ती गप्प बसतात आणि गप्प बसणं म्हणजे संमती असं धरलं जातं. तारीख शक्य नाही हे माहीत असूनही ‘हो, करतो’ म्हटलं जातं, कारण क्लायंटला नाही म्हणायची सवय आणि अधिकार दोन्ही नसतात. तीच मुलगी किंवा तोच मुलगा शांतपणे बसून डिझाइनवर दोन पानं लिहू शकतो, आणि चांगलं लिहितो. निर्णय कॉलवर न होता लेखी चर्चेत होत असतील, तर आवाजापेक्षा युक्तिवादाला वजन येतं.

प्रश्न शरीराचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. २००७ मध्ये घेतलेला हा निर्णय २०१९ मध्ये कायम राहिला. रात्री साडेदहाचा कॉल म्हणजे रात्रपाळी नव्हे, हे खरं. पण दिवसाचं ऑफिस आणि रात्रीचा कॉल असं दोन्ही सांभाळणारा माणूस दोन्हीकडचा वेळ देत असतो. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. तो कायदा डोळ्यांपुढे ठेवतो ते कामाचं ठिकाण आणि घरी परतण्याचा प्रवास. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून घेतलेला रात्री दहाचा कॉल कुणाच्याच हिशेबात येत नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. फ्रान्समध्ये असा हक्क १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पण इथे अडचण वेगळी आहे: पुण्यातल्या माणसाची संध्याकाळ पुण्यातला साहेब ठरवत नाही, दुसऱ्या देशातलं कॅलेंडर ठरवतं. म्हणून कायद्याच्या जोडीला करारांमध्येच वेळांची वाटणी लिहिली जायला हवी.

हेच अंतर नीट वापरलं तर झोप वाचवतंही. गुगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साइट रिलायबिलिटीवरच्या पुस्तकात सुचवलं आहे की, यंत्रणा रात्रंदिवस सांभाळायची तर ती दूरच्या दोन टीममध्ये वाटावी, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या दिवसा ऑन-कॉल राहील. त्यासाठी दोन्ही टीमना यंत्रणेची सारखी माहिती आणि सारखे अधिकार लागतात. पुण्याच्या टीमने सकाळी फक्त निरोप लिहून ठेवायचा आणि प्रॉडक्शनमध्ये हात घालायला तिकडची परवानगी मागायची असेल, तर झोप दोन्हीकडची मोडते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. शिकाऊ माणसाचं काय? मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संपर्काचा अभ्यास सांगतो की, सगळे घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाली आणि दुसऱ्या गटांशी असलेले धागे विरळ झाले. नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर केलेल्या अभ्यासात, संपूर्ण टीम एकाच इमारतीत असलेल्या अभियंत्यांना त्यांच्या कोडवर सुमारे २२ टक्के अधिक अभिप्राय मिळत होते. त्याचा सर्वाधिक लाभ तरुणांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, होत होता. त्या शिकवण्यात वरिष्ठांचा वेळ जात होता, हेही त्याच अभ्यासात दिसतं.

हा आक्षेप खरा आहे आणि त्यातून निघणारा मार्गही स्पष्ट आहे. नव्या माणसाला पहिलं वर्ष-दीड वर्ष त्याच शहरातल्या वरिष्ठाच्या शेजारी बसू द्यावं. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ जणांवर झालेला, २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की, आठवड्यात दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरीवर वाईट परिणाम झाला नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. म्हणजे शिकण्यासाठी सोबत हवी, पण ती पाचही दिवस सक्तीची असण्याची गरज नाही. मात्र शेजारी बसून शिकवण्यासाठी शेजारी शिकवण्याजोगा निर्णय हवा. पुण्यातल्या वरिष्ठाला स्वतःलाच डिझाइनचं कारण माहीत नसेल, तो फक्त तिकिटं वाटत असेल, तर एका टेबलावर बसूनही नवशिक्याच्या हाती तिकिटं वाटण्याचीच कला लागते. स्थानिक टीमला मालकी मिळाली, तरच ऑफिसात येण्याला अर्थ येतो.

आज हे मागण्याची ताकद भारताकडे आहे. नॅसकॉम आणि झिनॉव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७००हून अधिक जागतिक क्षमता केंद्रं आहेत, त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात, आणि पुणे हे त्यांच्या प्रमुख शहरांपैकी एक आहे. ही केंद्रं बाहेरच्या कंत्राटदाराची नसून कंपन्यांची स्वतःची आहेत. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं तिथे बसलेली आहेत. त्यांच्याकडे निर्णय न देण्याचं कोणतंही तांत्रिक कारण आता उरलेलं नाही.

म्हणून केंद्रप्रमुखांनी पुढच्या वार्षिक नियोजनात माणसांच्या संख्येआधी काही गोष्टींवर बोलणी करायला हवीत. कोणता भाग पूर्णपणे इथला, ज्याचं डिझाइन, प्रॉडक्शन आणि पुढची दिशा इथेच ठरेल. मोठा निर्णय लेखी मांडल्यावर दोन्हीकडचा एक पूर्ण कामाचा दिवस उलटण्याआधी पक्का होणार नाही, हा नियम. रोजच्या सामायिक वेळेसाठी एकच तास, आणि गैरसोयीची वेळ महिन्यागणिक दोन्ही बाजूंनी आलटून पालटून घेणं. प्रवासखर्चात मुख्यालयाच्या लोकांचं इकडे येणंही धरणं. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही, आणि फार पैसाही लागत नाही. लागते ती मुख्यालयाने हातातला थोडा अधिकार सोडण्याची तयारी, आणि तो मागताना इथल्या वरिष्ठांनी दाखवायचा ठामपणा. पंचवीस वर्षांच्या ‘हो, करतो’नंतर तो ठामपणा सहज येणार नाही; पण रात्री साडेदहाच्या कॉलवर बसलेल्या तरुण सहकाऱ्यांच्या वतीने तो आधी त्यांनीच दाखवायला हवा.